यंत्रे, खेळ आणि आपले गैरसमज

प्रस्तावना

दूरचित्रवाणी संच, विजेचा पंखा, मोबाइल आणि मोबाइलवर खेळले जाणारे व्हिडिओ गेम या गोष्टी आज आपल्या घरात भांड्याकुंड्यांइतक्याच ओळखीच्या झाल्या आहेत. त्या कशा वापरायच्या हे आपल्याला ठाऊक असते. परंतु त्या कशा चालतात, हे फार थोड्यांना माहीत असते. जेथे माहिती अपुरी पडते, तेथे ऐकीव गोष्टी तिची जागा घेतात. "टीव्हीजवळ बसलास तर डोळे जातील", "मोबाइलच्या मनोऱ्यामुळे रोग पसरतात", "हे खेळ खेळून मुले गुन्हेगार होतात" अशी वाक्ये आपण ऐकतो आणि खात्री करून न घेता दुसऱ्यांना सांगतो.

एखादा समज चुकीचा असला तर बिघडले कोठे, असे कोणी विचारील. बिघडते ते असे, की खोट्या भीतीकडे लक्ष लागले म्हणजे खरा धोका नजरेआड होतो. 'आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी' अशी आपली गत होते. म्हणून हे समज कोठून जन्मतात आणि ते कसे तपासावेत, याचा विचार या पाठात आपण करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• योगायोग आणि कार्यकारणभाव यांतील फरक सांगू शकाल;
• नित्य वापरातील यंत्रांविषयीचे काही गैरसमज कसे निर्माण झाले, ते स्पष्ट करू शकाल;
• व्हिडिओ गेमविषयीची निराधार भीती आणि खरा धोका यांत भेद करू शकाल;
• कानावर आलेली माहिती तपासून पाहण्याची सवय लावून घेऊ शकाल.

मूळ पाठ

१. कावळा बसायला आणि फांदी मोडायला

१९९० नंतरच्या दशकात भारतातील अनेक शहरांत टीव्हीला जोडून खेळण्याचे व्हिडिओ गेमचे संच आले. जपानमध्ये १९८३ साली निघालेल्या 'फॅमिकॉम' या यंत्राच्या त्या बहुधा स्वस्त नकला होत्या. खेळ बदलायचा असला की यंत्राच्या खाचेत दुसरी कॅसेट बसवावी लागे. पुष्कळदा कॅसेट बसवूनही पडद्यावर चित्र उमटत नसे. मग मुले कॅसेट बाहेर काढीत, तिच्या कडेवर जोराने फुंकर मारीत आणि पुन्हा बसवीत. खेळ सुरू होई. फुंकर मारली की कॅसेट चालते, हे ज्ञान कोणी न शिकवता गल्लोगल्ली पसरले. विशेष म्हणजे जपान आणि अमेरिकेतील मुलेही हेच करीत होती.

वस्तुतः खेळ सुरू होण्याचे कारण निराळे होते. कॅसेटच्या कडेवर तांब्याच्या पट्ट्या असत आणि यंत्राच्या खाचेतील टोकांशी त्यांचा नीट स्पर्श होणे आवश्यक असे. कॅसेट काढून पुन्हा बसवली की तो स्पर्श नव्याने जुळे. काम होई ते पुन्हा बसवण्यामुळे. श्रेय मात्र फुंकरीला मिळे. उलट श्वासातील ओलाव्याने त्या पट्ट्या हळूहळू गंजत. म्हणून फॅमिकॉम बनवणाऱ्या निन्टेन्डो कंपनीनेच फुंकर मारू नये, असे सांगितले होते.

हे पडताळून पाहणे कठीण नव्हते. दहा वेळा फुंकर मारून आणि दहा वेळा फुंकर न मारता कॅसेट बसवून पाहायची. दोन्ही प्रकारे खेळ सारख्याच वेळा सुरू झाला, तर फुंकरीचा काही उपयोग नाही, हे उघड होते. परंतु फुंकर न मारता पुन्हा बसवून पाहण्याचे कोणाच्या मनातच येत नसे. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या, म्हणजे पहिली दुसरीचे कारण ठरतेच असे नाही. 'कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ' ही आपली म्हण हेच सांगते.

मात्र मुलांमध्ये फिरणारी प्रत्येक गोष्ट खोटी होती, असेही नव्हे. 'कॉन्ट्रा' या खेळाच्या आरंभी वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे या क्रमाने कळा दाबून पुढे 'बी' व 'ए' या कळा दाबल्या की तीन ऐवजी तीस 'लाइफ' मिळतात, अशी एक बातमी होती. ती अगदी खरी होती. काझुहिसा हाशिमोटो या जपानी तंत्रज्ञाने १९८६ साली आलेल्या एका खेळाची चाचणी करताना स्वतःच्या सोयीसाठी असा क्रम योजला होता आणि तो पुढे त्याच कंपनीच्या इतर खेळांतही ठेवण्यात आला. म्हणजे बातमी मुलांकडून आली की मोठ्यांकडून, यावर तिचा खरेपणा अवलंबून नसतो. पडताळणीत ती टिकते की नाही, यावर तो अवलंबून असतो.

२. कालचे सत्य, आजचा गैरसमज

काही समज निव्वळ कल्पनेतून जन्मलेले नसतात. ते एके काळी खरे असतात. यंत्र बदलते, पण समज मागे उरतो. याची तीन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण टीव्हीचे. १९६७ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या काही रंगीत संचांतून प्रमाणाबाहेर क्ष-किरण बाहेर पडत असल्याचे आढळले. तेव्हा टीव्हीपासून दूर बसण्याचा सल्ला देण्यात आला आणि तो योग्यच होता. १९६८ मध्ये तेथे याविषयी कायदा झाला व संचांच्या रचनेत सुधारणा झाली. आजच्या सपाट पडद्याच्या टीव्हीत तर ज्यातून क्ष-किरण निर्माण होत, ती काचेची चित्रनलिकाच नसते. जवळून पाहिल्यास डोळ्यांना थकवा येतो, हे खरे. पण एखादे मूल नेहमीच टीव्हीला चिकटून बसत असेल, तर त्याला दूरचे अंधुक दिसत असण्याचा संभव आहे. जवळ बसल्याने डोळे बिघडले असे आपण म्हणतो. वास्तविक डोळे बिघडल्यामुळे ते जवळ बसत असते. अशा मुलाला रागावण्यापेक्षा त्याचे डोळे तपासून घेणे अधिक गरजेचे आहे.

दुसरे उदाहरण पंख्याचे. "पंखा हळू फिरवला तरी वीज तेवढीच जळते" असे वडीलधारी माणसे सांगतात. भिंतीवरच्या जुन्या, मोठ्या पेटीसारख्या रेग्युलेटरच्या बाबतीत यात बरेच तथ्य होते. पंख्याला कमी मिळालेली वीज त्या रेग्युलेटरमध्ये उष्णतेच्या रूपाने वाया जाई. म्हणून तो हाताला गरम लागे. आजच्या लहान इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये अशी नासाडी अगदी थोडी होते. त्यामुळे वेग कमी केला की विजेचा खर्चही कमी होतो.

तिसरे उदाहरण मोबाइलच्या बॅटरीचे. "बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नये" हा सल्ला निकेल-कॅडमियम या जुन्या प्रकारच्या बॅटरीसाठी होता. ती वारंवार अर्धवट उतरवून चार्ज केली, तर तिची क्षमता घटल्यासारखी होई. १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली. या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या मोबाइलमध्ये हीच बॅटरी असते. तिला वारंवार पूर्ण उतरवल्याने लाभ होत नाही, उलट तिचे आयुष्य कमी होते. थोडे थोडे चार्जिंग केलेले तिला चांगले मानवते.

बॅटरी पूर्ण भरल्यावर मोबाइलमधील व्यवस्था चार्जिंग आपोआप थांबवते. त्यामुळे रात्रभर चार्जिंगला लावल्याने चांगल्या स्थितीतील मोबाइलचा स्फोट होतो, हे म्हणणे बरोबर नाही. या बॅटरीचा खरा शत्रू उष्णता हा आहे. मोबाइल उशीखाली वा पांघरुणात ठेवून चार्ज करणे, उन्हात तापलेल्या गाडीत तो ठेवणे, फुगलेली बॅटरी तशीच वापरत राहणे, निकृष्ट चार्जर वापरणे यांत धोका आहे. म्हणून चार्जर घेताना त्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आहे की नाही, हे पाहावे. येथे आपली चूक कशी होते, ते लक्षात घ्या. आपण घड्याळाकडे पाहतो आणि किती तास चार्जिंग झाले ते मोजतो. पाहायला हवे ते मोबाइल कोठे ठेवला आहे याकडे.

पाठगत प्रश्न १
१. कॅसेट सुरू होण्याचे खरे कारण कोणते होते?
२. टीव्हीजवळ बसणाऱ्या मुलाच्या बाबतीत कारण आणि परिणाम यांची अदलाबदल कशी होते?
३. रिकाम्या जागा भरा : लिथियम-आयन बॅटरीचा खरा शत्रू ........ हा आहे.

३. शब्दांमुळे होणारा घोटाळा

कधी कधी गैरसमजाचे मूळ यंत्रात नसून भाषेत असते. 'किरणोत्सर्ग' हा शब्द आपण अणुभट्टीसाठी वापरतो आणि मोबाइलच्या मनोऱ्यासाठीही वापरतो. शब्द एकच असल्याने भीतीही एकच वाटते. पण या दोहोंत मोठे अंतर आहे. क्ष-किरणांत किंवा अणुभट्टीतून निघणाऱ्या किरणांत इतकी ऊर्जा असते, की ते शरीरातील अणूंमधून इलेक्ट्रॉन बाहेर काढू शकतात आणि पेशींतील जनुकद्रव्याला इजा पोहोचवू शकतात. मोबाइल व त्याचा मनोरा यांतून निघणाऱ्या रेडिओलहरींत एवढी ऊर्जा नसते. त्या तीव्र असल्या तर वस्तू तापवू शकतात. म्हणून त्यांच्या तीव्रतेवर मर्यादा घातलेली असते. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश ठेवण्यात आली आहे.

'शक्यता' या शब्दानेही असाच घोटाळा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींचा समावेश 'कर्करोगास कारणीभूत ठरण्याची शक्यता असलेल्या' गोष्टींच्या गटात केला. ही बातमी वाचून अनेकांना मोबाइलमुळे कर्करोग होतो, असे वाटले. त्याच गटात आशियातील काही प्रकारच्या पारंपरिक खारवलेल्या भाज्याही आहेत, हे मात्र थोड्यांनी वाचले. धोका किती मोठा आहे, हे हा गट सांगत नाही. धोका असल्याचा पुरावा किती भक्कम आहे, हे तो सांगतो. येथे पुरावा मर्यादित होता. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यावरून अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांच्यात संबंध आढळला नाही.

अपुऱ्या माहितीला भीतीची जोड मिळाली म्हणजे काय होते, हे आपण २०२१ च्या उन्हाळ्यात पाहिले. करोनाची दुसरी लाट देशभर पसरली होती. घरोघरी माणसे आजारी पडत होती. त्याच वेळी "हे मृत्यू रोगाने होत नसून फाइव्ह-जीच्या चाचण्यांमुळे होत आहेत" असा संदेश मोबाइलवरून पसरू लागला. अखेर मे २०२१ मध्ये दूरसंचार विभागाला खुलासा करावा लागला, की या दोहोंचा काहीही संबंध नाही आणि देशात फाइव्ह-जीच्या चाचण्या अद्याप कोठेही सुरूच झालेल्या नाहीत. फाइव्ह-जी सेवेचा प्रारंभ पुढे १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला. जे अस्तित्वातच नव्हते, त्याला लोकांनी दोषी ठरवले होते. ज्यांनी त्या संदेशावर विश्वास ठेवला, त्यांना मुखपट्टी, लस आणि वेळेवर उपचार यांचे महत्त्व कसे पटणार? अफवेची किंमत अशी मोजावी लागते.

४. व्हिडिओ गेम आणि हिंसा

आता ज्या विषयावर घरोघरी वाद होतात, त्याकडे वळू. व्हिडिओ गेममुळे मुले हिंसक होतात, हा आरोप नवा नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत 'डेथ रेस' नावाचा खेळ आला. त्यात गाडीने मानवासारख्या दिसणाऱ्या आकृत्या चिरडायच्या असत. त्या आकृत्या म्हणजे चार रेघांची ठोकळेवजा चित्रे होती. तरीही वृत्तपत्रांतून त्यावर मोठी टीका झाली. पुढे १९९९ मध्ये अमेरिकेतील कोलंबाइन येथील शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला. ते 'डूम' नावाचा खेळ खेळत असत, हे कळल्यावर दोषाचा रोख त्या खेळाकडे वळला. आपल्याकडे मार्च २०१९ मध्ये गुजरातेतील राजकोट येथे पोलिसांनी 'पबजी' या खेळावर बंदी घातली आणि तो खेळणाऱ्या काही तरुणांना अटकही केली.

या आरोपातील तर्क तपासून पाहू. गुन्हा करणारा तरुण व्हिडिओ गेम खेळत होता. म्हणून गेममुळे गुन्हा घडला, असे म्हटले जाते. पण आज बहुसंख्य तरुण हे खेळ खेळतात. त्यामुळे कोणताही तरुण निवडला, तरी तो गेम खेळणारा असण्याचाच संभव अधिक. याच तर्काने पाहिले, तर बहुतेक गुन्हेगार चहा पितात म्हणून चहा हेही गुन्ह्याचे कारण ठरेल. प्रश्न असा विचारायला हवा, की जे खेळतात आणि जे खेळत नाहीत, त्यांच्या वागण्यात फरक पडतो का? जपान आणि दक्षिण कोरिया या देशांत व्हिडिओ गेम अतिशय लोकप्रिय आहेत. तरी तेथे हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण अमेरिकेपेक्षा पुष्कळ कमी आहे.

शास्त्रज्ञांनीही हा प्रश्न अभ्यासला आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये ब्रिटनमधील १४ व १५ वर्षांच्या सुमारे १००० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांच्या आक्रमकपणाविषयी त्यांनी मुलांच्या पालकांना विचारले आणि खेळांतील हिंसेचे प्रमाण अधिकृत वर्गवारीवरून ठरवले. हिंसक खेळ आणि आक्रमक वर्तन यांत त्यांना संबंध आढळला नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये आपली भूमिका अधिक स्पष्ट केली. हिंसक खेळ आणि ओरडणे, ढकलणे यांसारखे वर्तन यांत थोडा संबंध दिसतो. परंतु खऱ्या हिंसक गुन्ह्यांचे खापर या खेळांवर फोडण्याइतका पुरावा नाही, असे त्या संघटनेने सांगितले. हे दुसरे मत आपण मुद्दाम लक्षात ठेवले पाहिजे. गैरसमज खोडून काढताना जे थोडे खरे आहे, तेही झाकून ठेवू नये. लहान मुलांच्या हाती त्यांच्या वयाला न शोभणारे खेळ देऊ नयेत, हा सल्ला आजही योग्यच आहे.

याच खेळाविषयी आणखी एक गैरसमज आढळतो. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजीसह ११८ ॲपवर बंदी घातली. ही बंदी हिंसेमुळे आली, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात सरकारने दिलेले कारण देशाचे सार्वभौमत्व, सुरक्षितता आणि वापरकर्त्यांच्या माहितीचे रक्षण हे होते. बंदीची बातमी सर्वांनी वाचली. कारण मात्र प्रत्येकाने आपापल्या समजाप्रमाणे जोडले.

५. खरा धोका कोठे आहे?

मग व्हिडिओ गेम सर्वस्वी निर्धोक आहेत का? नाहीत. पण धोका आपण शोधतो त्या जागी नसून दुसरीकडे आहे.

पहिला धोका खेळावरील ताबा सुटण्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' या विकाराचा समावेश झाला असून ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. किती वेळ खेळावे यावर ताबा न राहणे, इतर सर्व कामांपेक्षा खेळाला अधिक महत्त्व देणे आणि नुकसान दिसत असूनही खेळणे न थांबवणे ही त्याची लक्षणे आहेत. ही स्थिती साधारणपणे बारा महिने टिकलेली असावी लागते. म्हणजे सुट्टीत चार दिवस खूप खेळणारा मुलगा आजारी ठरत नाही. तसेच झोप, अभ्यास, काम आणि माणसे यांपासून तुटत चाललेल्या मुलाकडे "वयच तसे आहे" म्हणून दुर्लक्ष करणेही योग्य नाही. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेत २०१४ पासून अशा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग आहे. मानसिक आरोग्याविषयी सल्ल्यासाठी १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर दूरध्वनी करता येतो.

दुसरा धोका पैशांचा. येथे भीतीऐवजी लोभाचा गैरसमज काम करतो. पूर्वी गेमच्या कॅसेटवर '९९९९ खेळ एकात' असे छापलेले असे. प्रत्यक्षात मोजके खेळच नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. तो फसवणुकीचा लहानसा नमुना होता. पुढे "खेळा आणि कमवा" अशा जाहिराती आल्या आणि फसवणूक मोठी झाली. त्यामागचे गणित सोपे आहे. समजा, दहा जणांनी प्रत्येकी १०० रुपये लावले. एकूण १००० रुपये जमले. खेळ चालवणाऱ्याने त्यातून १५० रुपये ठेवून घेतले, तर खेळणाऱ्यांत वाटायला ८५० रुपयेच उरतात. डाव कोणीही जिंको, सर्वांचे मिळून प्रत्येक वेळी १५० रुपये जातातच. असे डाव रोज होत राहिले, तर बहुतेकांचे खिसे रिकामे होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. अशा खेळांपायी अनेक कुटुंबे कर्जबाजारी झाली. म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा संमत करून पैसे लावून खेळवले जाणारे ऑनलाइन खेळ आणि त्यांच्या जाहिराती यांवर बंदी आणली. स्पर्धात्मक ई-क्रीडा आणि करमणुकीचे साधे खेळ त्या कायद्याने वेगळे मानले आहेत.

या सर्वांचा घरातील परिणाम पाहा. समजा, एका घरात मुलगा रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर खेळतो. वडिलांना वाटते, हा गुन्हेगार होणार. ते रोज त्याला तेच बोलून दाखवतात. मुलगा मनात म्हणतो, 'बाबांना यातले काहीच कळत नाही.' आणि ते एका अर्थी खरेही असते. पुढे तो खेळात पैसे हरतो, उसने घेतो, खचून जातो. पण वडिलांना सांगत नाही, कारण आपले ऐकून घेतले जाणार नाही, असे त्याला वाटते. वडिलांची काळजी खरी होती. ती चुकीच्या दारावर पहारा देत उभी राहिली आणि चोर दुसऱ्या दाराने आत आला.

६. समज कसे तपासावेत?

प्रत्येकाला तंत्रज्ञ होणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. कोणतीही गोष्ट ऐकली, की स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न : हे कारण आहे की योगायोग? ते न करताही तोच परिणाम झाला असता का? दुसरा प्रश्न : हे कोणत्या काळातील, कोणत्या यंत्राविषयी सांगितले गेले आहे? आज ते यंत्र तसेच आहे का? तिसरा प्रश्न : हे सांगणाऱ्याला ते कोठून कळले आणि त्यात त्याचा काही लाभ आहे का?

'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' असे आपण म्हणतो. पण मनाचे करण्यापूर्वी मनालाही प्रश्न विचारावे लागतात, कारण गैरसमज आधी तेथेच घर करतात. यंत्राविषयी आपल्याला माहीत नसलेली गोष्ट घरातील लहान मुलाला माहीत असेल, तर ती त्याला विचारण्यात कमीपणा नाही. ज्या घरात मोठी माणसे "मला हे ठाऊक नाही, तू समजावून सांग" असे म्हणू शकतात, त्या घरात मुलेही आपल्या अडचणी मोकळेपणाने सांगतात.

पाठगत प्रश्न २
१. 'बहुतेक गुन्हेगार चहा पितात' या उदाहरणातून लेखकाला काय सुचवायचे आहे?
२. गेमिंग डिसऑर्डरची कोणतीही दोन लक्षणे लिहा.
३. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळात सर्व खेळाडूंचे मिळून नुकसान का होते?

आपण काय शिकलो

• एकापाठोपाठ घडलेल्या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध असतोच असे नाही.
• टीव्ही, पंखा व बॅटरी यांविषयीचे काही समज जुन्या यंत्रांच्या बाबतीत खरे होते. यंत्रे बदलल्यावर ते गैरसमज ठरले.
• 'किरणोत्सर्ग', 'शक्यता' अशा शब्दांचा नेमका अर्थ न कळल्याने भीती पसरते.
• व्हिडिओ गेममुळे हिंसक गुन्हे घडतात, याला पुरेसा पुरावा नाही. मात्र खेळावरील ताबा सुटणे आणि पैसे गमावणे हे धोके खरे आहेत.

शब्दार्थ

ऐकीव – केवळ ऐकून कळलेले
कार्यकारणभाव – कारण आणि परिणाम यांतील संबंध
निराधार – ज्याला पुरावा नाही असे
निकृष्ट – हलक्या प्रतीचे
खापर फोडणे – दोष एखाद्यावर लादणे
पडताळणी – खरे-खोटे तपासून पाहणे

स्वाध्याय

१. 'आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी' ही म्हण या पाठाच्या आशयाला कशी लागू पडते, ते आठ ते दहा ओळींत लिहा.
२. पाठाच्या पाचव्या भागातील वडील आणि मुलगा यांच्यात मोकळेपणाने बोलणे झाले असते, तर ते कसे झाले असते? दहा वाक्यांचा संवाद लिहा.
३. पुढील शब्दांचे विरुद्धार्थी शब्द लिहा : निर्धोक, लाभ, अपुरी, निकृष्ट.
४. 'नजरेआड होणे' आणि 'घर करणे' या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
५. उपक्रम : तुमच्या घरात किंवा कामाच्या ठिकाणी एखाद्या यंत्राविषयी सांगितला जाणारा एक समज निवडा. पाठात दिलेले तीन प्रश्न त्याला लावून पाहा आणि तुमचा निष्कर्ष कारणांसह लिहा.